सगळे रडताहेत तो फोटो

इस्त्रीच्या खोलीला बाहेरून कडी घातलेली होती आणि आतून कोणीतरी न थांबता दार ठोकत होतं. आरडाओरडा नाही, रडारड नाही. नुसतं ठक, ठक, ठक.

"आत कोण आहे?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"चोर," नवरीचे वडील म्हणाले. "आम्हीच पकडून ठेवलीय. तुमचं निम्मं काम आम्हीच केलं म्हणा ना, मॅडम!"

इन्स्पेक्टरने कडी काढली. चुरगळलेल्या पांढऱ्या गणवेशातली एक नर्स बाहेर आली. चाळिशीची, सडपातळ, डोळे तारवटलेले. तिने पोलिसांकडे पाहिलं, घरच्यांकडे पाहिलंच नाही.

"आजोबा शुद्धीवर आले का?" तिने विचारलं.

इन्स्पेक्टरला या घरात येऊन बराच वेळ झाला होता. हा प्रश्न तिने आत्ता पहिल्यांदा ऐकला.

खात्यात तिला मागून सगळे 'भिंग' म्हणत. पदार्थविज्ञान शिकून ती पोलिसात आली होती आणि दिसेल ती गोष्ट जवळून बघायची तिची खोड काही गेली नव्हती. श्रीमंतांच्या घरातल्या चोऱ्या तिला मुळीच आवडत नसत. अशा घरात चोर सापडायच्या आधीच ठरलेला असतो, आणि तो नेहमी पगारी असतो.

हकीकत सरळ होती. काल या घरासमोरच्या हिरवळीवर नातीचं लग्न झालं. आज सकाळी आजोबा उठेनात. नर्सनेच धावाधाव करून त्यांना हॉस्पिटलात पाठवलं. पोटात झोपेच्या गोळ्या गेल्या होत्या, आणि रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त. आजोबांच्या बोटातली हिऱ्याची अंगठीही गेली होती. बोटाची कातडी सोलवटलेली होती. अंगठी ओढून काढलेली दिसत होती. म्हातारा वाचेल की नाही, हे डॉक्टर संध्याकाळपर्यंत सांगणार होते.

"अंगठीची किंमत..." वडील सुरू झाले.

"नंतर," भिंग म्हणाली. "सिस्टर, काल संध्याकाळचं सांगा."

"दिवे लागायच्या वेळी मी रोजच्यासारखं दूध गरम करून वर आणलं. तेवढ्यात खालून आत्याबाईंची हाक आली, 'चला रे सगळे, पाठवणी!' मी पेला खोलीबाहेरच्या टेबलावर ठेवला आणि आत जाऊन चादर बदलली. मग पेला घेतला आणि आजोबांना पाजला."

"म्हणजे पेला मधे बाहेर एकटाच होता?"

"हो. आणि गोळ्यांची बाटली त्याच टेबलावर असते."

"दूध पाजल्यावर?"

"त्यांना झोप लागली. लवकर लागली, पण मला वाटलं, दिवसभराच्या गडबडीने थकले असतील. मी खाली जेवायला गेले. अंगठी त्या वेळात गेली असेल. ती नाही, हे माझ्या सकाळी लक्षात आलं."

"वर कोण येऊ शकतं?"

"वरच्या मजल्याच्या दाराला काल कुलूप होतं. पाहुणे वर यायला नकोत म्हणून. किल्ल्या साहेब, आत्याबाई, धाकटे काका आणि मी, अशा चौघांकडेच."

"आजोबा खाली लग्नाला आलेच नाहीत?"

नर्स घुटमळली. "त्यांच्या नाकात नळी आहे ना. फोटोत बरं दिसत नाही, असं घरचे म्हणाले."

वडिलांनी घसा खाकरला. "मॅडम, उगाच फाटे फोडू नका. दूध बाहेर होतं तेव्हा आम्ही तिघं भावंडं फाटकापाशी होतो. लेकीला निरोप देत होतो. हा घ्या पुरावा."

त्यांनी पुरावा बैठकीच्या खोलीत आधीच मांडून ठेवला होता. भिंतीवरच्या दारभर उंचीच्या पडद्यावर तो फोटो झळकत होता. फाटक, फाटकाच्या खांबाला फुलांची माळ, मागे सोनेरी झालेलं आकाश. मधोमध नवरी वडिलांच्या गळ्यात पडलेली. वडिलांचे डोळे मिटलेले आणि गालावर एकच टपोरा अश्रू, तोही कॅमेऱ्याच्या बाजूच्या गालावर. डावीकडे आत्या तोंडाला रुमाल लावून. उजवीकडे धाकटे काका, मान खाली, एक हात थोरल्या भावाच्या पाठीवर. प्रत्येकाच्या पायाशी त्याची सावली मांजरासारखी मुटकुळं करून बसलेली. नवरीचा पांढराशुभ्र पोशाख पायघोळ पसरलेला, त्यावर एक डाग म्हणून नाही.

"काल रात्रीच टाकला मी सगळ्यांना बघायला," आत्या म्हणाली. "खाली लिहिलं, 'नकळत टिपलेला क्षण'. लोक काय काय लिहितात! एकीने लिहिलं, फोटो बघून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली."

"पाहुण्यांनी काढलेले फोटो?"

"छे! फाटकावरच पाटी लावली होती, फोन पिशवीत ठेवा म्हणून. लोक कसेही काढतात हो. एकात माझी हनुवटी दुहेरी आली तर?"

भिंग फोटोच्या अगदी जवळ गेली. मग मागे आली. मग म्हणाली, "मला तिघांशी वेगवेगळं बोलायचंय."

वडील बैठकीतच सोफ्यावर बसले, पण बसताना 'आई गं' म्हणाले. कमरेमागे गरम पाण्याची रबरी पिशवी होती.

"काय झालं कमरेला?"

"नाचलो. मुलीच्या लग्नात बाप नाचणार नाही तर कोण?"

"फोटोत सगळे आहेत. जावई कुठे आहे?"

वडिलांनी पडद्याकडे पाहिलं. जावई नाही, हे त्यांच्या आत्ता पहिल्यांदा लक्षात आलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. या माणसाने तो फोटो कालपासून शंभरदा पाहिला असेल. शंभरही वेळा स्वतःलाच पाहिलं असेल.

"गाडीत," ते म्हणाले. "गाडीत जाऊन बसला होता."

"मग गाडी निघाली?"

"निघाली. गाड्या निघतातच. मॅडम, तुम्ही त्या बाईच्या सामानाची झडती का घेत नाही?"

आत्या जेवणाच्या खोलीत होती. तिच्या दोन्ही तळहातांवर खरचटलं होतं. खुर्चीखाली एक उंच टाचेची चप्पल पडली होती आणि तिची टाच शेजारी वेगळी.

"नाचताना पडले," आत्या न विचारताच म्हणाली.

"जावई कुठे होता?"

"कुठे म्हणजे? तिथेच. फोटोवाल्याच्या मागे उभा होता."

"आणि गाडी निघाली तेव्हा?"

"अगं बाई, निघाली म्हणजे निघाली! आमच्या डोळ्यांत पाणी, गाडी कोण बघतं? तुम्ही लग्न झालेल्या दिसत नाही."

"नाही. मी नुसते गुन्हे बघते," भिंग म्हणाली.

धाकटे काका गच्चीवर कॉफी पीत उभे होते. गुळगुळीत दाढी केलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. घरात एवढं झालेलं असताना इतकं ताजंतवानं दिसणं भिंगला जरा अतीच वाटलं. पण ताजंतवानं दिसणं हा काही गुन्हा नव्हे.

"जावयाला फोन आला होता," ते म्हणाले. "बाजूला उभा राहून बोलत होता. असतात ही आजकालची मुलं."

"आणि गाडी?"

"अहाहा! पाण्यावरून हंस जावा तशी गेली. मी हात हलवत राहिलो, वळणापर्यंत. दादा तर कोलमडलाच होता. मीच सावरलं. फोटोत दिसतंय ना माझा हात?"

"दिसतोय," भिंग म्हणाली. "अंगठी कोणाला मिळायची होती?"

काकांच्या हसण्यात किंचित खंड पडला. "बाबांनी परवाच जाहीर केलं. नातीला. चांगलंच आहे की! तिचीच आहे."

जिना उतरताना भिंग हवालदाराला म्हणाली, "एक जावई. एकाच क्षणी गाडीत, कॅमेऱ्यामागे आणि फोनवर. हे लोक खोटं बोलण्याआधी एकमेकांना विचारण्याचीही तसदी घेत नाहीत."

"मोठे लोक आहेत, बाई," हवालदार म्हणाला.

"बडा घर पोकळ वासा. चला, फोटोवाल्याकडे."

फोटोवाल्याचं दुकान बाजारपेठेत होतं. काचेत नवरानवरींचे फोटो टांगलेले. नवरा नवरीला उचलतोय. नवरी एकटीच खिडकीतून बाहेर बघतेय, जणू तिला कोणी लग्नाला बोलावलंच नव्हतं. फोटोवाला तरुण, बोलघेवडा, अंगावर खिशाखिशांचं जाकीट.

"लग्नातले अविस्मरणीय क्षण म्हणजे नशीब, मॅडम," तो म्हणाला. "पाठवणीचा तो फोटो नशिबाने मिळाला. मी नुसता उभा होतो आणि समोर भावना उसळल्या! स्पर्धेला पाठवतोय. विभागच आहे तसा, 'न ठरवता टिपलेलं'."

"दिवे लागायच्या वेळी काढला?"

"अगदी तेव्हाच. रंग बघा ना."

"रंग बघितला. आता सावली बघू." तिने त्याच्या संगणकावर फोटो मोठा केला. "सूर्य मावळायला आला की माणसाची सावली माणसापेक्षा कितीतरी लांब पडते. शाळेत शिकवतात. इथे सगळ्यांची सावली पायातच अडकलीय. म्हणजे सूर्य डोक्यावर होता. आकाशाला संध्याकाळचा रंग तुम्ही दिलात. सावल्या दुपारच्याच राहिल्या."

फोटोवाल्याने जाकिटाच्या एका खिशाची चेन उघडली, पुन्हा लावली.

"नवरी दिवसभर हिरवळीवर होती. तिच्या पोशाखाच्या कडेला गवताचा एक डाग नाही. आणि नवरामुलगा नाही, कारण तो अजून आलेलाच नव्हता. बरोबर?"

"मॅडम, सगळेच करतात," फोटोवाला खुर्चीत खचला. "संध्याकाळपर्यंत तोंडावरचा रंग उतरतो. म्हणून पाठवणी आधी उरकून घेतली. डोळ्यांत थेंब घातले. पहिल्या खेपेला आत्याबाई हसल्या, दुसऱ्या खेपेला साहेबांचा अश्रू चुकीच्या गालावर आला. तिसऱ्या खेपेला जमलं."

"म्हणजे लग्न लागायच्या आधीच मुलीला सासरी पाठवून सगळे रडून मोकळे! आधी कळस, मग पाया. खऱ्या पाठवणीला तुम्ही कुठे होतात?"

"जेवत होतो. फोटो तर मिळाला होता."

"हा फोटो रात्रीच कसा तयार झाला? बाकीचे?"

"बाकीच्यांना अजून हात लावला नाही. धाकट्या काकांनी सांगितलं, एवढा एक आजच्या आज पाहिजे, घरचे खूश होतील."

"मला नाचाचे फोटो दाखवा."

त्याने दाखवले. संपूर्ण नाचात वडील खुर्चीत बसून होते, पोटावर हात ठेवून. आत्या हातात बशी घेऊन कडेला उभी होती. दोघांपैकी एकानेही एक पाऊल टाकलेलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या आवारात लग्नाची गाडी उभी होती. नवरानवरी सकाळपासून आजोबांपाशीच होते. गाडीवरची फुलं कोमेजली होती. मागच्या बाजूची फीत तुटून लोंबत होती आणि मागच्या झाकणावर, धुळीत, हाताचे पंजेच पंजे उमटले होते. मोठे, छोटे, एकावर एक. भिंग बराच वेळ वाकून ते बघत राहिली. वाटेने जाणारा एक वॉर्डबॉय तिच्याकडे बघून थबकला, मग निघून गेला.

मग ती आत गेली आणि नवऱ्यामुलाला म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांकडे जरा माझ्याबरोबर चला."

बैठकीत सगळे जमले. पडद्यावर फोटो तसाच होता. बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. नर्स दाराशी उभी होती, कारण तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. फोटोवाला कोपऱ्यात होता. हवालदार मात्र कुठे दिसत नव्हता.

"आधी या फोटोचं बघू," भिंग म्हणाली. "हा काल दुपारी काढलेला आहे. लग्नाच्या आधी."

आत्याने फोटोवाल्याकडे असं पाहिलं की तो आणखी कोपऱ्यात सरकला.

"म्हणजे दूध बाहेर होतं तेव्हा तुम्ही तिघं कुठे होता, याचा हा पुरावा नाही. तुम्हाला हे माहीत होतं. एक बाई सकाळपासून कोंडलेली आहे, तिची नोकरी जाईल, नर्स म्हणून तिचं नाव कायमचं कापलं जाईल, आजोबांचं काही बरंवाईट झालं तर ती खुनी ठरेल. आणि तुम्ही गप्प. का? तर आपले अश्रू बाटलीतले होते हे लोकांना कळेल म्हणून."

"तसं नाही हो," वडील म्हणाले. "आम्हाला वाटलं, फोटो दुपारचा काय नि संध्याकाळचा काय, आम्ही होतोच ना फाटकाशी!"

"दोघं होतात. आता खऱ्या पाठवणीचं बोलू. जावईबापू, काय झालं ते सांगा."

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याने नजर छताला लावली.

"गाडी सुरूच झाली नाही," जावई म्हणाला. "फोटोत छान दिसते म्हणून दिवसभर तिचे दिवे लावून ठेवले होते. बॅटरी बसली. मग सगळ्यांनी ढकलली. सासरेबुवांची कंबर धरली. आत्याबाई तोंडावर आपटल्या. रडायला कोणाला वेळच नव्हता. सासरेबुवा मला म्हणाले, हे कोणाला सांगू नकोस."

"म्हणून वडिलांना शेक आणि आत्यांच्या हाताला खरचटलेलं," भिंग म्हणाली. "दोघंही म्हणाले, नाचलो. नाचाच्या फोटोत दोघंही हललेले नाहीत. गाडीचा विषय काढला की दोघं अंगावर येत होते. कारण दोघांनी ती ढकलली होती आणि दोघांना त्याची लाज वाटत होती. खोटं बोलले, पण त्या खोट्यावरूनच कळलं की दोघं तिथे होते."

ती धाकट्या काकांकडे वळली.

"तुम्ही मात्र मला काय सांगितलंत? गाडी हंसासारखी गेली. हात हलवत राहिलात."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागे आता कोणी नव्हतं. "मी जरा लांब उभा होतो," ते म्हणाले. "नीट दिसलं नसेल."

"लांबून हंस दिसला आणि तो ढकलणारे वीसपंचवीस लोक दिसले नाहीत? तुम्हाला कळलंच नाही, कारण तुम्ही वर होतात, दुधाच्या पेल्यापाशी. आणि नंतरही कळलं नाही, कारण या घरात लाजिरवाणं काही घडलं की ते घडलंच नाही असं ठरतं. दुसऱ्या एखाद्या घरात रात्री जेवताना सगळे त्यावरच पोट धरून हसले असते. चोरालाही फुकटात कळलं असतं. तुमच्या घरात सख्ख्या भावालासुद्धा कोणी सांगितलं नाही."

"धाकट्या?" वडील म्हणाले.

"मी फोटोत आहे, दादा!" काका ओरडले. "बघ ना, मी आहे तिथे!"

"आहात," भिंग म्हणाली. "म्हणून तर बाकी सगळे फोटो बाजूला ठेवून हा एक रात्रीत तयार करवून घेतलात. आत्याबाई तो जगाला दाखवणार, आणि एकदा लोकांनी वाहवा केली की या घरातलं कोणी खरं बोलणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. भावंडांना तुमच्याइतकं कोण ओळखणार?"

हवालदार जिन्यावरून खाली आला. त्याच्या हातात दाढीच्या क्रीमची ट्यूब होती, तळाशी कापून पुन्हा नीट दुमडलेली. त्याने ती पालथी करून दाबली. फेसाळ गोळ्यातून हिऱ्याची अंगठी टेबलावर घरंगळली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

"ती मला कबूल केली होती बाबांनी," ते म्हणाले. "मी लहान होतो तेव्हा. दादाला कारखाना, ताईला घर, धाकट्याला अंगठी. आणि आता त्या कालच्या पोरीला! मला त्यांना मारायचं नव्हतं. हात ओढताना जागे होऊ नयेत, एवढंच."

"म्हणून बापाला बाटलीभर गोळ्या पाजल्यास?" आत्या किंचाळली.

"तू नको बोलूस, ताई! त्यांना वर कोंडून ठेवा असं कोण म्हणालं होतं? नळी दिसते म्हणून?"

हवालदाराने त्यांना दंडाला धरून उठवलं. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग वडिलांनी हळूच फोटोवाल्याला जवळ बोलावलं.

"याला यातून काढता येईल का?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं. "आणि नवऱ्यामुलाला घालता येईल?"

फोटोवाला उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात भिंग म्हणाली, "हात लावाल तर तुम्हालाही घेऊन जाईन."

जावयाचा फोन वाजला. नवरीचा होता. त्याने ऐकलं आणि पहिल्यांदा नर्सकडे वळून पाहिलं.

"आजोबांनी डोळे उघडले. सिस्टर कुठे म्हणून विचारताहेत."

नर्स इस्त्रीच्या खोलीत जाऊन आपली पिशवी घेऊन आली. पिशवी उलटीपालटी झालेली होती. सकाळी घरच्यांनी झडती घेतली होती ना.

आत्या लगबगीने तिच्यापाशी गेली. "सिस्टर, झालं गेलं विसरून जा हो. गैरसमज झाला. बाबा घरी आले की तुम्हीच हव्यात. अहो, तुम्ही आम्हाला घरातल्याच आहात."

नर्सने पिशवीची चेन लावली.

"त्याचीच तर आता भीती वाटते," ती म्हणाली, आणि जावयाच्या मागोमाग हॉस्पिटलला निघाली.